तिकडे कोणता ऋतू?

डेन्व्हर, कोलोराडो
6 मे

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडे आता कोणता ऋतू?" मी "वसंत" म्हणून मोकळी झाले. पण सोमवारी 26 अंश होतं, बुधवारी सकाळी पायरीवर वीतभर बर्फ आणि शनिवारी गारा. आता नाव तुम्हीच ठेवा.

हा सगळा डोंगराचा खेळ. डेन्व्हर 1,609 मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याएवढं, फक्त इथे त्या उंचीवर सपाट माळ आहे. पश्चिमेला रॉकी पर्वत, काही शिखरं 4,000 मीटरच्या वर. तिकडचा वारा खाली उतरताना दर किलोमीटरला साधारण 10 अंशांनी तापतो. त्याला चिनूक म्हणतात. वारा फिरून पूर्वेकडून आला की मेक्सिकोच्या आखाताची ओल घेऊन येतो, डोंगराला अडतो, वर चढता चढता गारठतो आणि बर्फ होऊन पडतो. आपल्या घाटावर पावसाचे ढग अडतात तसंच, दिशा तेवढी उलटी.

शेजारच्या आजीबाई बजावत होत्या, मेच्या दुसऱ्या रविवारपर्यंत, म्हणजे मदर्स डेपर्यंत, काही लावू नकोस. मी एप्रिलातच टोमॅटोची रोपं लावली. बुधवारी सगळी काळी. आई, हसू नकोस.

शनिवारी दुपारपर्यंत लख्ख ऊन होतं. मग उतार तापले, डोंगरावर ढगांचे ढीग चढले आणि चारच्या सुमारास अंधारून आलं. एक वीज कडाडली आणि आवळ्याएवढ्या गारा. मी खिडकीशी धावत "बाग!" म्हणून ओरडले. माझी बाग कुठली? कुंडीतली ती मेलेली रोपं! निफाडच्या द्राक्षबागेत वाढलेलं माणूस गारांचा आवाज ऐकून दुसरं काय म्हणणार? इथे जमीनच उंच, त्यामुळे गारेला खाली येताना विरघळायला वाव कमी. गाडीच्या टपाला सात पोचे आलेत. 8 मे 2017 च्या गारपिटीत तर इथे दोनशे कोटी डॉलरच्या वर नुकसान झालं होतं.

तुम्हाला आवडेल असं एक सांगते. डोंगरापलीकडे पॅलिसेड नावाचं गाव आहे, पीचसाठी प्रसिद्ध, द्राक्षंही होतात. एप्रिलात मोहर असताना रात्री पारा घसरला की बागेत उंच खांबांवरचे मोठे पंखे सुरू करतात. वरची उबदार हवा खाली ओढायची, म्हणजे फुलं वाचतात. आपण थंडीत बागेत शेकोट्या पेटवतो, त्याचंच हे भावंड. मात्र गारांपुढे तेही हतबल, आपल्यासारखेच.

खरड छाटणीनंतर फूट कशी आहे? विहिरीला पाणी किती आहे, तेही कळवा. आईच्या गुडघ्याचं तुम्ही लिहा, ती खरं सांगणार नाही.

तुमची,
मनू