सुहास, मदरबोर्ड घेण्याआधी हे वाच

पुणे,
१० जून

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

नव्या कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची तुझी यादी मिळाली. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, डेटा साठवायला १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, आणि मदरबोर्डच्या रकान्यात नुसतं प्रश्नचिन्ह. तिथे घाईने काही लिहिलं नाहीस हे उत्तम केलंस. रॅम गेली तर दोन मिनिटांत बदलता येते, एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, गेला तर तासाभरात. बोर्ड गेला की कॅबिनेट रिकामी करायची, कूलर काढायचा, पेस्ट पुसायची, आणि तोवर तुझं फोटो-व्हिडिओचं काम ठप्प. म्हणून टिकाऊपणासाठी चार पैसे जास्त मोजायचे असतील तर ते इथे आणि एसएमपीएसवर मोज.

बोर्डचं आयुष्य मुख्यतः कशावर ठरतं? प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर. एसएमपीएसकडून बोर्डला १२ व्होल्ट येतात आणि प्रोसेसरला लागतो साधारण सव्वा व्होल्ट. हे रूपांतर करतो तो व्हीआरएम. प्रोसेसर बसतो त्या सॉकेटच्या वरच्या आणि डाव्या कडेला करड्या रंगाचे चौकोनी ठोकळे ओळीने बसवलेले दिसतात, ते त्याचे चोक, म्हणजे कॉइल. ७६०० च्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण सॉकेटमधून तो ८८ वॅटपर्यंत खेचतो. रायझन बनवणाऱ्या एएमडीने त्याला घालून दिलेली मर्यादा आहे सलग ७५ अँपिअर आणि क्षणभरासाठी १५० अँपिअर. घरातला दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअरवर चालतो, यावरून त्या छोट्याशा जागेतून किती प्रवाह वाहतो याचा अंदाज कर. व्होल्ट कमी म्हणून अँपिअर जास्त, आणि अँपिअर जास्त म्हणून उष्णता जास्त.

ही उष्णता व्हीआरएमच्या जितक्या फेजमध्ये, म्हणजे काम वाटून घेणाऱ्या एकसारख्या भागांत, वाटली जाईल तितका प्रत्येक भाग थंड राहतो. तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. तुझ्या प्रोसेसरला प्रत्येकी ५० अँपिअरच्या सहा फेज म्हणजे भरपूर. खोक्यावर '६+२+१' असं लिहिलेलं असेल तर त्यातला पहिला आकडाच बघ. तोच प्रोसेसरच्या कोअरसाठी असतो. '१२+२+१' म्हणजे खऱ्या बारा असतीलच असं नाही, पुष्कळदा सहा फेज जोडीजोडीने लावलेल्या असतात. त्यात काही फसवणूक नाही, उष्णता तशीही वाटली जातेच, पण केवळ त्या आकड्यावर भुलून दुप्पट पैसे देऊ नकोस. व्हीआरएमवर हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, मात्र हवाच, आणि तो स्क्रूने बसवलेला असावा. निव्वळ चिकटवलेला किंवा प्लास्टिकचं झाकण असलेला नको.

आता चिपसेट, म्हणजे बोर्डवरचे पोर्ट आणि जोडण्या सांभाळणारी चिप. बी६५० घे. एक्स६७० मधले जादा पोर्ट आणि लेन (डेटाच्या वाटा) तुझ्या एका ग्राफिक कार्डाला आणि दोन एसएसडींना लागणार नाहीत. ए६२० वर ७६०० उत्तम चालेल, पण त्या वर्गातल्या बऱ्याच बोर्डांवर व्हीआरएम हीटसिंकशिवाय उघडाच असतो. पुढे बारा किंवा सोळा कोअरचा प्रोसेसर टाकलास तर तिथे तो पूर्ण ताकदीने चालेलच असं नाही. आणि पुढचा विचार तुला करायचाच आहे. तुझ्या प्रोसेसरचं एएम५ सॉकेट २०२७ आणि त्यानंतरही चालू ठेवू, असं एएमडीने जाहीर केलंय. त्या शब्दावर भरवसा ठेवायला आधार आहे: आधीच्या एएम४ सॉकेटच्या, २०१७ च्या बी३५० बोर्डांवर २०२२ मध्ये रायझन ५००० मालिका अधिकृतपणे चालू लागली. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटची वाट मात्र चौदाव्या पिढीशी संपली. काही दुकानांत एच६१ चे 'नवे कोरे' बोर्ड अगदी स्वस्तात मिळतील. तो चिपसेट २०११ चा आहे. त्याकडे वळूनही पाहू नकोस.

आकाराने मायक्रो-एटीएक्स, म्हणजे २४४ मिलिमीटरचा चौरस, तुला पुरेल. रॅमच्या चार खाचा, एसएसडीसाठी दोन एम.२ खाचा, आणि मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण एवढं असू दे. बायोस म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डमधला प्रोग्रॅम, आणि हे बटण तो पेनड्राइव्हवरून बदलतं. या बटणाबद्दल सविस्तर लिहितो, कारण दुकानदार ते दाखवत नाहीत आणि अडचणीत तेच उपयोगी पडतं.

बायोस हा बोर्डचाच भाग समज. २०२३ मध्ये रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर काही बोर्डांवर जळाले, कारण प्रोसेसरच्या एसओसी नावाच्या भागाला व्होल्टेज जास्त दिला जात होता. नव्या बायोसने तो १.३ व्होल्टवर रोखला. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांचं दुखणंही वाढीव व्होल्टेजचंच होतं, आणि ऑगस्ट २०२४ पासून त्यावरचा उपाय बायोसमधूनच आला. म्हणून बोर्ड ठरवण्याआधी कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं सपोर्ट पान उघड आणि बायोसच्या तारखा बघ. गेल्या दोन वर्षांत नियमित अपडेट आले असतील तर ती चांगली खूण. ज्या मॉडेलला वर्षभर काहीच आलेलं नाही ते सोडून दे. दुकानात पडून राहिलेल्या जुन्या बोर्डवर ७६०० सुरू होईल, पण ९६०० एक्स हा नंतरचा प्रोसेसर घ्यायचं मनात आलं तर जुन्या बायोसवर तो चालू होणार नाही. तिथे फ्लॅशबॅक लागतो.

कृती अशी. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट कर. बोर्डच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात रिव्हिजन छापलेली असते, १.० किंवा १.२ अशी. एकाच नावाच्या बोर्डच्या दोन रिव्हिजनचा बायोस वेगळा असू शकतो, त्यामुळे फाइल घेताना तोच आकडा जुळव. झिप सोडवून फाइलचं नाव कंपनी सांगेल ते ठेव. एमएसआयला एक हवं असतं, गिगाबाइटला दुसरं, आणि असूस नाव बदलण्यासाठी छोटा प्रोग्रॅम देते. पेनड्राइव्ह नेमून दिलेल्या यूएसबी पोर्टमध्येच लाव, २४ पिनची आणि प्रोसेसरची ८ पिनची केबल जोड आणि बटण तीन सेकंद दाबून धर. दिवा लुकलुकू लागेल. तो थांबेपर्यंत, म्हणजे पाच ते दहा मिनिटं, कशालाही हात लावू नकोस. रत्नागिरीत पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, तेव्हा हे काम यूपीएसवरच कर.

आता जोडणी. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसून बोर्डच्या सॉकेटमध्ये असतात, एकूण १७१८. दुकानातच, पैसे देण्याआधी, काळं झाकण उघडायला लाव आणि मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून बघ. सगळ्या पिनांची चमक शेतातल्या सरींसारखी एकसारखी दिसली पाहिजे. एखाद्या ठिकाणी ओळ मोडलेली किंवा एकच ठिपका वेगळा चमकताना दिसला तर तिथे पिन वाकलेली आहे. तो बोर्ड घेऊ नकोस. वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही आणि ती कोणाकडून वाकली हे नंतर सिद्ध करता येत नाही. प्रोसेसर बसवताना त्रिकोण त्रिकोणाशी जुळव, सरळ खाली सोड, सरकवू नकोस. खटका लावताना झाकण आपोआप निघून येईल. ते टाकू नकोस. बोर्ड परत पाठवायची वेळ आली तर ते मागतात.

७६०० सोबत येणारा कूलर बसवण्यासाठी बोर्डवरच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या काढाव्या लागतात. स्क्रू मागच्या पट्टीतच जातात. तोच कूलर ठेव. त्याची हवा खाली येते आणि व्हीआरएमलाही लागते, महागड्या लिक्विड कूलरने ती मिळत नाही. कॅबिनेटमध्ये बोर्ड घालण्याआधी पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यांवर टेकतो ते खुंटे, मोज. बोर्डला जिथे भोक नाही तिथे स्टँडऑफ राहिला तर तो मागच्या बाजूला टेकतो आणि शॉर्ट होतो. 'बोर्ड आला तोच मेलेला' ही तक्रार पुष्कळदा इथून निघते.

दुसरी चूक याहून वाईट. मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलच्या, एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या एसएमपीएसला लावायच्या नाहीत, एकाच कंपनीच्या असल्या तरी. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची रचना ठरलेली नसते, आणि चुकीच्या जागी १२ व्होल्ट गेले की बोर्ड एका क्षणात जातो. प्रोसेसरची ८ पिन ४+४ अशी दुभंगते, ग्राफिक कार्डाची ६+२ अशी. जोर लावावा लागतोय म्हणजे चुकीची केबल हातात आहे.

रॅमच्या १६ जीबीच्या दोनच पट्ट्या घे, ६००० वेगाच्या आणि सीएल३० (प्रतिसादाला लागणारा वेळ) असलेल्या, एक्स्पो, म्हणजे अधिकृत वेगापलीकडे रॅम चालवणारी तयार सेटिंग, असलेल्या, आणि बोर्डच्या साइटवरच्या यादीत त्यांचा पार्ट नंबर तपास. प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लाव. चार पट्ट्या लावल्यास तर या प्रोसेसरचा अधिकृत वेग ५२०० वरून थेट ३६०० वर येतो. पहिल्यांदा बटण दाबलंस की स्क्रीन काही मिनिटं काळाच राहील. बोर्ड तेव्हा रॅमशी जुळवून घेत असतो. लोक इथेच घाबरून वीज बंद करतात. दहा मिनिटं घड्याळ लावून थांब, आणि अडचण कुठे आहे ते दाखवणाऱ्या बोर्डवरच्या चार छोट्या दिव्यांपैकी कोणता पेटलाय ते बघ. ७६०० मध्ये ग्राफिक असल्यामुळे ही चाचणी कार्डाशिवाय, बोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवून करता येते. मग मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालव. एकही चूक आली तर एक्स्पो बंद करून पुन्हा बघ.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समज. एसएमपीएसच्या फिल्टरमुळे अर्थिंग नसलेल्या कॅबिनेटवर मुख्य विजेच्या निम्मा व्होल्टेज उतरतो. वायरमनला बोलावून ते आधी करून घे. समुद्राकाठची खारट दमट हवा आहे, तेव्हा पावसाळ्यात मशीन रोज तासभर तरी चालू ठेव; आतली ऊब दमटपणा धरू देत नाही. जमिनीवर ठेवू नकोस.

वॉरंटी बहुतेक बोर्डांना तीन वर्षांची असते, पण ती निभावतो भारतातला वितरक. त्याचं सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात आहे, पुण्यात आहे की मुंबईत, हे दुकानदाराला आधी विचार. दोन बोर्ड सारखे वाटले तर ज्याचं सेंटर जवळ तो घे. जीएसटी बिलावर सिरियल नंबर लिहून घे आणि तो खोक्यावरच्या आणि बोर्डवरच्या नंबराशी जुळव. मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाणार असशील तरी हे चुकवू नकोस.

बोर्ड ठरला की त्याचं पूर्ण नाव आणि रिव्हिजन कळव, फाइल कुठली घ्यायची ते पाहून सांगतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिरुद्ध