बाबांच्या प्रत्यारोपणाविषयी

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, "मी किडनी द्यायला तयार आहे, मग डॉक्टर थांबवतात कशाला?" असे तू विचारलेस. फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून लिहीत आहे. बायोप्सीत निघालेला बाबांचा अमायलॉइडोसिस एएल प्रकारचा आहे आणि त्याचे मूळ अस्थिमज्जेत आहे. तेथील काही बिघडलेल्या प्लाझ्मा पेशी लाइट चेन नावाची प्रथिने बेसुमार तयार करतात, त्यांची घडी चुकते आणि त्यांचे न विरघळणारे थर (अमायलॉइड) किडनीत, हृदयात साचत जातात. हे थांबण्याआधीच नवी किडनी बसवणे म्हणजे छपराची गळती तशीच ठेवून भिंतीला गिलावा करणे. म्हणून आधी त्या बिघडलेल्या पेशी मारणारी डाराटुमुमॅब आणि बॉर्टेझोमिबची इंजेक्शने, आणि रक्तातील लाइट चेन पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे आटोक्यात आल्यावरच प्रत्यारोपण, हा डॉक्टरांनी सांगितलेला क्रम मला पटतो. पूर्वी या आजारात प्रत्यारोपणाला बहुधा नकारच मिळत असे. आता औषधांचा उत्तम गुण आलेल्या रुग्णांची नवी किडनी वर्षानुवर्षे काम करते.

बाबा, इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) या तपासण्या लांबवू नका. हृदयाच्या भिंती अमायलॉइडने जाड झाल्या असतील, तर भूल आणि शस्त्रक्रियाच धोक्याची ठरते, तेव्हा किडनीपेक्षा हृदयाच्या अहवालावर अधिक अवलंबून आहे. डायलिसिसच्या वेळी रक्तदाब एकदम उतरतो, हेही तेथे सांगा. नुसते "बरं आहे" म्हणून सुटका करून घेऊ नका.

राहिला प्रश्न दात्याचा. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार पत्नी आणि मुले दोन्ही जवळच्या नात्यात मोडतात. मात्र आईची साखर हल्ली काठावर असते, आणि मधुमेह निघाला तर तिची किडनी बहुधा घेणार नाहीत. मग मी आहे. लेकीची किडनी घ्यायची नाही, हा तुमचा हट्ट मला ठाऊक आहे. पण हा आजार पुढे माझ्यातही निघेल अशी भीती त्यामागे असेल, तर एएल प्रकार आनुवंशिक नसतो (जे प्रकार आनुवंशिक असतात, त्यांत नात्यातल्या दात्याची जनुकीय तपासणी आधी करतात). दुसरे काही कारण असेल तर ते मला मोकळेपणाने सांगा, आपण त्यावर बोलू.

आईने उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) या आठवड्यात करून घ्यावे. माझ्या तपासण्या मी इकडे सुरू करते. लाइट चेनच्या शेवटच्या अहवालाचा फोटो तेवढा पाठवा.

तुमची,
मीनल