चुकीचे हिंज (बिजागऱ्या) बसवल्याबद्दल आणि वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : चार पल्ल्यांच्या कपाटाची सदोष फिटिंग

महोदय,

दिवाळीआधी आपल्या कंपनीने जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी चार पल्ल्यांचं सात फुटी कपाट बसवून दिलं. संक्रांतीपर्यंत मधले दोन पल्ले एकमेकांना घासायला लागले. आता त्यातला एक वरून सुटून तिरका लोंबतो आहे. आपल्या तंत्रज्ञाने अहवालात लिहिलं की, कपाटात जड चादरी ठेवल्यामुळे पल्ले उतरले, सबब दुरुस्ती वॉरंटीत बसत नाही. हे मला अजिबात मान्य नाही.

चादरींचं वजन आडव्या फळ्यांवर पडतं. हिंजवर येतो तो फक्त पल्ल्याचा स्वतःचा भार. सोलापूरच्या घरात कपाटात चादरी असणारच, त्याचा दोष ग्राहकाला कसा देता? मी यंत्रमागावर जॉबर म्हणून, म्हणजे माग जुळवण्या-दुरुस्त करण्यात, आयुष्य काढलं आहे, कुठला भाग कुठे ओढ खातो हे मला कळतं. म्हणून मी स्वतः पल्ला उतरवून मोजमाप घेतलं.

मधल्या 18 मिमीच्या उभ्या फळीवर दोन्हीकडून एकेक पल्ला बसतो. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम 8 मिमी येतात. अशा जागी हाफ ओव्हरले, म्हणजे मिस्त्री ज्याला 8 क्रँक म्हणतात तो वाकलेल्या हाताचा हिंज लागतो. आपल्या फिटरने सगळीकडे सरळ हाताचे 0 क्रँक लावले. कडेच्या पल्ल्यांना ते बरोबर आहेत, कारण तिथे एकच पल्ला जवळजवळ अख्खी फळी झाकतो. मध्ये मात्र दोन पल्ले एकाच फळीवर पूर्ण चढायला बघतात.

हे फिटरच्या लक्षात आलं असणार. कारण कडेच्या पल्ल्यांत 35 मिमीची वाटी (हिंज बसवायचा गोल खड्डा) काठापासून 5 मिमी सोडून पाडली आहे, मधल्या दोघांत फक्त 2 मिमी सोडून. तेवढ्याने पल्ला थोडा मागे सरकतो, पण वाटीच्या बाहेर बोर्डाची नुसती पापडी उरते. तीच फुटली. बाजूच्या ॲडजस्टमेंटचा स्क्रूही टोकापर्यंत पिळलेला सापडला. तो एक-दोन मिमीची फट जुळवायला असतो, चुकीचा क्रँक त्याने बरोबर होत नाही.

शिवाय सात फुटी पल्ल्याला हिंज तीनच. या उंचीला किमान चार हवेत. ओढ वरच्या हिंजवर येते आणि मधल्या फळीवर बसवलेल्या त्याच्या प्लेटचे स्क्रू भुशासकट बाहेर आले. त्यावर आपल्या माणसाने त्याच भोकात लांब स्क्रू मारला. पार्टिकल बोर्डात, म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळीत, एकदा मोकळं झालेलं भोक पुन्हा धरत नाही, आणि हा लांब स्क्रू तर पलीकडच्या पल्ल्याच्या स्क्रूला जाऊन भिडला. त्यामुळे दुसरी प्लेटही हलते आहे. अकरा-बारा किलोचा पल्ला आहे हा, आणि त्याच खोलीत माझी लहान नात झोपते. सध्या तिला तिथे जाऊ देत नाही.

मला नवीन कपाट नको. मधले दोन्ही पल्ले नवे द्या, वाटी योग्य अंतरावर पाडून. त्यांना 8 क्रँकचे चार-चार हिंज लावा आणि मधली फळी बदला, कारण तिच्यात आता स्क्रू धरायला जागाच राहिलेली नाही. कडेच्या पल्ल्यांनाही चौथा हिंज द्या. हे सगळं विनामूल्य व्हावं आणि चादरींबद्दलचा तो शेरा लेखी मागे घ्यावा.

पंधरा दिवसांत काम सुरू झालं नाही, तर मी सोलापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. आपलं कार्यालय दुसऱ्या शहरात असलं, तरी ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार मला राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते.

बिलाची प्रत, वॉरंटी कार्ड आणि मोजपट्टी लावून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत.

आपला ग्राहक,
(सही)
जुळे सोलापूर