रावस म्हणून जे वाढलंत, ते काय होतं?

दि. 16 जुलै 2025

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय, मुंबई

विषय: रविवार, दि. 13 जुलै 2025 रोजी दुपारी पश्चिम उपनगरातील आपल्या शाखेत वाढलेले मासे आणि आकारलेलं बिल यांबाबत तक्रार.

महोदय / महोदया,

मी खाद्यसमीक्षक वगैरे कोणी नाही. पोस्टातून निवृत्त झालेला माणूस आहे. महिन्यातून एकदा बायकोला घेऊन बाहेर जेवतो आणि घरी आलो की एका वहीत चार ओळी लिहून बिल टाचणीने लावून ठेवतो. 2012 पासून दीडशेच्या वर नोंदी झाल्या आहेत. त्यांत करपलेली भाकरी आहे, खारट कालवण आहे, पाऊण तास वाट पाहणंही आहे, पण तक्रारीचं पत्र एकदाही लिहिलं नव्हतं. स्वयंपाक आहे, चुकतो कधीतरी. परवाचं प्रकरण मात्र चुकण्याचं नाही, म्हणून लिहितो आहे.

त्या दिवशी आमच्याबरोबर माझी मावशी होती. वय 78, सगळा जन्म वेंगुर्ल्यात गेला. तुमच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं, ‘आजचा ताजा मासा: पापलेट, रावस, सुरमई’. यांत्रिक बोटींची मासेमारी महाराष्ट्रात 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत बंद असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. बंदीतही मासा मिळतो, हे मलाही ठाऊक आहे. बिगरयांत्रिक होड्या किनाऱ्यालगत जातात, पूर्व किनाऱ्याची बंदी 14 जूनला उठते म्हणून तिकडचा माल इथे येतो आणि उरलेला शीतगृहातून निघतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ठाण्यातल्या एका खानावळीच्या मालकाने मला ऐन जुलैत स्वतःहून सांगितलं होतं, “सुरमई बर्फातली आहे साहेब, त्यापेक्षा बांगडा घ्या.” आम्ही बांगडा घेतला. तिरफळं घातलेलं ते कालवण माझ्या वहीत दोनदा अधोरेखित केलेलं आहे.

तुमच्याकडे वेटर ट्रेमध्ये पापलेट घेऊन आला. “काका, एकदम फ्रेश.” मावशीने बोटाने कल्ला उचलून पाहिला. आतून लाल असायला हवा होता, तो विटकरी झाला होता. ती काही बोलली नाही, मीही बोललो नाही. मासा मोठा होता, शेपटीच्या खालच्या टोकाचा टवका उडालेला होता. तोच तव्यावर टाका म्हणून सांगितलं. वीस मिनिटांनी जो आला तो वीतभरही नव्हता आणि त्याची शेपटी चांगली अखंड होती! तळल्यावर मासा आकसतो हे कबूल, पण उडालेला टवका तव्यावर परत उगवत नाही. 2023 साली सरकारने पापलेटला राज्यमासा घोषित केलं. निदान त्याची तरी अदलाबदल करू नये.

खरा मुद्दा रावसाचा आहे. आम्ही दोन रावस थाळ्या मागवल्या होत्या. ताटात आल्या त्या पांढऱ्याफेक, चौकोनी वड्या. कातडी नाही, मधला काटा नाही. रव्याचं कवच मोडलं तर आतून पाणी सुटलं आणि मांस खव्यासारखं बोटाखाली दबलं. रावसाच्या मांसाला किंचित गुलाबी झाक असते, शिजल्यावर त्याचे जाड पापुद्रे सुटतात आणि तुकडीला रुपेरी कातडी असते. मावशीने एक घास तोंडात घातला, दुसरा नाकाशी नेला आणि ताट सरकवून दिलं. “ह्यो रावस न्हय रे. काटो खंय ह्येका?”

वेटर म्हणाला, “बोनलेस आहे आजी, लोकांना काटा नको असतो.” काटा काढला तर मासा बदलतो का? माझ्या मते तो बासा होता. गोड्या पाण्यात, तळ्यांत वाढवलेला, बिनवासाचा आणि रावसापेक्षा कितीतरी स्वस्त. मला बासाचं वावडं नाही. वांद्र्याला एका ठिकाणी मेनूत बासा असं लिहूनच देतात, मी तो आवडीने खाल्ला आहे. बासा विकायचा तर बासा म्हणून विका, बासाच्या भावाने विका.

व्यवस्थापकांना बोलावलं. त्यांचं उत्तर, “सप्लायर देतो ते आम्ही वाढतो.” मग आज आलेल्या माशांचं खरेदीचं बिल दाखवा म्हटलं, तर ते मुख्य कार्यालयात असतं म्हणाले. म्हणून हे पत्र मुख्य कार्यालयाला.

आता बिल. दोन रावस थाळ्या 1440, पापलेट 1150, कोलंबी सुकं 420, चार भाकऱ्या 180, पाण्याच्या दोन बाटल्या 120, जादा सोलकढी 90. एकूण 3400 रुपये. त्यावर 10 टक्के सेवाशुल्क 340 आणि ते धरून झालेल्या 3740 वर 5 टक्के जीएसटी 187. भरले 3927.

बाटलीवर 20 रुपये छापलेले असताना 60 लावले याबद्दल मी भांडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये हॉटेलांना तेवढी मोकळीक दिली आहे. बाटल्या न विचारता फोडल्या, एवढंच नोंदवतो. सोलकढीबद्दलही भांडत नाही. ती गुलाबी होती आणि थंड होती, याहून जास्त तिच्याविषयी बोलता येणार नाही. कोलंबी मात्र छान होती, हेही लिहायला हवं.

सेवाशुल्काचं तसं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 4 जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते बिलात आपोआप लावता येत नाही आणि त्याच्यावर जीएसटी तर आकारताच येत नाही. 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयानेही या सूचना कायम ठेवल्या. मी ते काढा म्हटल्यावर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “सिस्टिममधून येतं काका, निघत नाही.” मागे रांग लागली होती, मावशी उभी होती, म्हणून पैसे भरून निघालो. वेटरला वेगळे पन्नास रुपये दिले. त्याच्यावर माझा राग नाही. ट्रेमधला मासा कोणी बदलायचा हे तो ठरवत नसणार.

माझं म्हणणं असं:

सेवाशुल्काचे 340 आणि त्यावरील जीएसटीचे 17, असे 357 रुपये परत करावेत. 13 जुलैच्या दुपारी त्या शाखेत रावस म्हणून कोणता मासा वाढला, तो कुठून आणला होता, हे खरेदीच्या बिलाच्या प्रतीसह लेखी कळवावं. तो रावस नसेल, तर दोन थाळ्यांचे जीएसटीसह 1512 रुपयेही परत करावेत. आणि फळ्यावरचा ‘ताजा’ हा शब्द निदान 31 जुलैपर्यंत पुसावा. खडूच आहे, पुसायला खर्च नाही. पापलेटचे पैसे मागत नाही. शेपटीचा फोटो काढायचं सुचलं नाही, आणि ज्याचा पुरावा नाही ते मागायची मला सवय नाही.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर सेवाशुल्काची तक्रार 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि माशाची अन्न व औषध प्रशासनाकडे करीन. मागितलेल्या प्रकारचं अन्न न देणं अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, 2006 च्या कलम 50 खाली दंडास पात्र आहे, आणि तुमचा चौदा आकडी परवाना क्रमांक बिलावर छापलेला आहेच.

मावशी ऑगस्टअखेरपर्यंत इथे आहे. उत्तर आलं की तिला वाचून दाखवायचं आहे.

आपला,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व फोन पाकिटावर)

सोबत: बिलाची छायाप्रत, रावस थाळीचे दोन फोटो.