बाथची मागची गल्ली पण छापा की!

महोदय,
रविवारच्या पुरवणीत इंग्लंडमधल्या बाथ शहराबद्दल आलंय ते वाचलं, छान आहे, पण फोटो परत तोच, हिरवळीवरून काढलेला रॉयल क्रेसेंटचा, आणि खाली ओळ काय तर ‘चंद्रकोरीसारखा राजवाडा’. अहो राजवाडा कसला, भिंतीला भिंत लागलेली 30 वेगवेगळी घरं आहेत ती!

मी सध्या लेकीकडे ब्रिस्टलला आहे, तिथून ट्रेनने बाथ अगदी जवळ, त्यामुळे दोनदा जाऊन आले. आर्किटेक्ट जॉन वुड धाकटा (बापाचं नाव पण जॉन वुडच) याने 1767 ते 1774 मध्ये हे बांधलं असं सगळे लिहितात, पण त्याने ठरवून दिला तो दर्शनी भाग, ते 114 खांब वगैरे, आणि मग ज्याने जेवढा तुकडा घेतला त्याने त्याच्यामागे आपला आर्किटेक्ट धरून हवं तसं घर बांधून घेतलं. आपण वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतो ना, इथे ते पुढून कीर्तन मागून तमाशा असं झालंय.

वळसा घालून मागे गेलं की कळतं, पुढे सगळं कसं एका रेषेत आणि इथे एकाचं छप्पर वर तर शेजारचं खाली, एक घर बाहेर आलेलं दुसरं आत, खिडक्यांचा एकमेकींशी संबंध नाही, भिंतीवरून पाइप उतरलेत. मला खरं सांगायचं तर हीच बाजू जास्त आवडली, माणसं राहतात असं वाटतं.

आणि गंमत म्हणजे हा तमाशा पण संरक्षित आहे. ग्रेड वन लिस्टिंग (तिकडच्या संरक्षित वास्तूंच्या यादीतला सगळ्यात वरचा दर्जा) नुसत्या खांबांना नसतं, मागची भिंत, आतला जिना सगळं त्यात येतं, परवानगी न घेता वास्तूचं रूप बदललं तर चक्क गुन्हा. 1970 च्या दशकात 22 नंबरच्या बाईंनी पांढऱ्या दारांच्या रांगेत आपलं दार पिवळं रंगवलं तर कौन्सिलने नोटीस काढली, प्रकरण पार मंत्र्यापर्यंत गेलं, शेवटी बाई जिंकल्या आणि दार पिवळंच राहिलं.

पुढच्या वेळी मागचा फोटो छापा. माझ्याकडे आहे, फक्त कचऱ्याचे डबे आलेत त्यात.

– एक वाचक, सध्या मुक्काम ब्रिस्टल