नदी तपासणारेच नदीत पारा ओततात, मंत्रिमहोदय

माननीय मंत्रिमहोदयांस,
सविनय नमस्कार.

मागील पावसाळ्यात आपण कोल्हापुरातील आमच्या संशोधन संस्थेत आला होता आणि रासायनिक कचऱ्यासाठी स्वतंत्र खोली दिवाळीपूर्वी बांधून मिळेल, असे भर सभागृहात सांगून गेला होता. दिवाळी होऊन गेली. कोनशिला आहे, खोली नाही. गेल्या मंगळवारी जिन्याखालची एक चिठ्ठी नसलेली बाटली मी उचलली आणि ती माझ्या हातातच फुटली. कोणीतरी उरलेल्या अल्कोहोलवर नायट्रिक आम्ल ओतून बूच घट्ट लावले होते. उजव्या हाताची बोटे अजून पिवळी आहेत, भाकरी मोडता येत नाही, शर्टाची बटणे पत्नी लावून देते. मी कंत्राटी साहाय्यक, त्यामुळे त्या दिवसांचा पगार कापला गेला आणि औषधांचा खर्चही माझ्याच खिशातून झाला. हे पत्र मी सांगतो आहे आणि मुलगी लिहून घेते आहे.

आमच्याकडे पंचगंगेचे नमुने तपासले जातात. पाण्यातील घाण मोजण्याच्या सीओडी चाचणीत जुन्या पद्धतीने 20 मिलिलिटर नमुन्याला 0.4 ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट लागते, म्हणजे पाव ग्रॅमाहून थोडा अधिक पारा; शिवाय डायक्रोमेट, सिल्व्हर सल्फेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल असतेच. चाचणी संपली की हे सगळे सिंकमध्ये जाते, सिंकमधून गटारात, गटारातून जयंती नाल्यात. पुढे शुद्धीकरण केंद्र आहे, असे आपले अधिकारी सांगतील. परंतु ते मैलापाण्यासाठी आहे आणि पारा काही तिथे कुजत नाही. नदी किती नासली हे मोजण्यासाठी आम्ही तिच्यातच पारा सोडतो आणि अहवालाला छान हिरवे मुखपृष्ठ लावतो.

हुपरीचा कारागीर फरशीवर पडलेला चांदीचा कीसही झाडून, गाळून परत मिळवतो. आमचे विद्वान सिल्व्हर सल्फेट नळाखाली धुऊन टाकतात. बंद नळीच्या पद्धतीत अडीच मिलिलिटर नमुन्यावर हीच चाचणी होते आणि रसायने साधारण आठव्या हिश्शात भागतात; हे मी तीनदा लेखी कळवले. ‘निधी नाही’ हे उत्तर मात्र चौथ्यांदा आले, कारण एकदा न विचारताच आले होते.

कंडेन्सरचे, म्हणजे उकळत्या नमुन्याची वाफ थंड करणाऱ्या नळीचे, पाणीही असेच. मी बादली लावून पाहिली: दहा लिटर चार मिनिटांत. सहा तास, आठ नळ, वर्षाचे 280 दिवस धरले तर वीस लाख लिटर चांगले पाणी गटारात जाते. सुट्ट्यांचा हिशेब थोडा इकडेतिकडे होईल, पण तेच पाणी फिरवणारा पंप बसवला असता, तर हा हिशेबच करावा लागला नसता.

2016 च्या नियमांनुसार घातक कचरा सर्वसाधारणपणे 90 दिवसांहून अधिक साठवता येत नाही. आमच्या जिन्याखाली 2019 सालची बाटली आहे. रांजणगावला अशा कचऱ्याची विल्हेवाट लावणारे केंद्र आहे, पण तिथवर गाडी पाठवायची तर टेंडर, टेंडरला समिती आणि समितीला तारीख मिळत नाही. नदीत मासे मेले की मात्र त्याच दिवशी पंचनामा होतो, बाटल्यांत पाणी भरले जाते आणि तपासणीसाठी ते पुन्हा आमच्यासारख्यांच्याच सिंकपाशी येते. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हाही नमुनेच गोळा झाले होते. या राज्यात नमुने घेणाऱ्यांची वानवा नाही, महोदय.

खोली, बंद नळ्यांचा संच, महिन्याला एक गाडी आणि कचरा हाताळणाऱ्यांना हातमोजे, एवढेच मागतो. मागील वेळी हातमोजे आले होते, पण ते आपल्या दौऱ्यातील छायाचित्रासाठी होते आणि संध्याकाळी मोजून परत घेतले गेले.

जिन्याखाली आज 43 बाटल्या आहेत. त्यांतील 11 वर चिठ्ठी नाही. सोमवारी मला कामावर रुजू व्हायचे आहे.

आपला,
एक प्रयोगशाळा साहाय्यक
कसबा बावडा, कोल्हापूर