पाय सोडणारी रिकीब हवी

संपादक महोदय,

सुट्टी लागली की माथेरान, महाबळेश्वर, पाचगणीला घोड्यावर बसायला गर्दी होते आणि अधूनमधून कोणीतरी पडल्याची बातमी येते. मग चर्चा होते हेल्मेटची, घोडेवाल्याच्या लायसनची, घोडा कशाने बुजला याची. ते सगळं महत्त्वाचंच आहे, पण रिकिबीबद्दल कोणी बोललेलं माझ्या वाचनात नाही. खोगिराच्या दोन्ही बाजूंना लटकते, आपण जिच्यात पाय ठेवतो ती. घोड्यावरून पडणं वेगळं आणि पाय रिकिबीत अडकून घोड्याबरोबर फरफटत जाणं वेगळं. पडलात तर हाड मोडेल, डोक्याला लागू नये म्हणून हेल्मेट आहे, पण फरफटत गेलात तर दगड, झाडांची मुळं आणि घोड्याचे मागचे पाय यातून हेल्मेट किती वाचवणार. आणि हा दुसरा प्रकार बऱ्याच अंशी रिकिबीच्या बनावटीनेच टाळता येतो, म्हणून हे पत्र.

मी पुण्यात बरीच वर्षं घोडेस्वारी करतोय. शिकताना पहिल्यांदा सांगतात ते हे की रिकिबीत फक्त चवडा ठेवायचा, टाच खाली. रायडिंगच्या बुटाला टाच असते ती पाय पुढे सरकून आरपार जाऊ नये यासाठी. रिकीब बुटाच्या तळव्यापेक्षा साधारण अडीच सेंटीमीटर रुंद हवी, अरुंद असली तर बूट आत पाचर मारल्यासारखा बसतो आणि फार रुंद असली तर अख्खं पाऊलच पलीकडे जातं. एकदा का पाऊल पलीकडे गेलं आणि माणसाचा तोल गेला की रिकीब घोट्याशी येऊन तिरकी होते, वरच्या वादीला, म्हणजे रिकीब ज्या चामड्याच्या पट्ट्याने खोगिराला लटकते त्याला, पीळ बसतो, आता पाय सोडवायचा तर आधी त्यावरचा भार कमी व्हायला पाहिजे आणि उलटं लटकलेल्या माणसाला तेच जमत नाही. घोडा मुळात भित्रा प्राणी, अंगाला काहीतरी लोंबकळतंय आणि ओढलं जातंय म्हटल्यावर तो थांबत नाही, अजून जोरात पळतो.

आता पर्यटकांच्या घोड्यांवर काय असतं बघा. बसणारा माणूस असतो चपलेत, फ्लोटरमध्ये, क्रॉक्समध्ये, नाहीतर सपाट तळाच्या स्पोर्ट्स शूजमध्ये, म्हणजे टाच हा प्रकारच नाही. रिकीब बऱ्याचदा साधी लोखंडी, कुठेतरी वेल्डिंगवाल्याकडून वाकवून घेतलेली, तळाला रबर नाही, पावसाळ्यात निसरडी, आणि एकच माप सगळ्यांना, दहा वर्षांच्या पोरालाही तीच आणि दहा नंबरचा बूट घालणाऱ्यालाही तीच.

सगळ्यात भीती वाटते ती लहान मुलांची. मुलाचा पाय रिकिबीपर्यंत पोचत नाही, वादीला तेवढ्या वर भोकंच नसतात, मग काय करतात तर रिकीब तशीच खाली लोंबकळत ठेवून मुलाचा पाय वरच्या चामड्याच्या वादीच्या फटीत घालतात. आईवडिलांना वाटतं छान, पाय टेकला, पोरगं आता पडणार नाही, आणि समोर उभं राहून फोटो काढतात. पण लोखंडी रिकीब निदान कडक असते, तिचं तोंड उघडं राहतं. वादीचं तसं नाही, वजन आलं की ती फट आवळत जाते. मूल एका बाजूला कललं तर त्याचा पाय त्या चामड्यात आवळून धरला जाणार, दुसरं काही होऊच शकत नाही. माझी पालकांना हात जोडून विनंती आहे, मुलाचा पाय वादीत घालू देऊ नका. रिकीब पुरत नसेल तर पाय मोकळे सोडा, घोडा फक्त चालू दे, आणि एका मोठ्या माणसाला बाजूने धरून चालू दे. मोकळ्या पायाचं मूल घसरलं तर त्या माणसाच्या हातात येईल. तेही जमत नसेल तर त्या दिवशी घोडा नको.

यावर उपाय नवीन शोधायची गरज नाही, जगात ते जुने झालेत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये बायका दोन्ही पाय एकाच बाजूला घेऊन लांब झग्यात घोड्यावर बसायच्या, त्यांचे अडकून अपघात व्हायला लागले तेव्हा सुटणाऱ्या रिकिबीची अनेक पेटंट निघाली. आजही परदेशात लहान मुलांना जी रिकीब देतात तिची बाहेरची बाजू लोखंडाची नसून जाड रबर बँडची असते, पायाचा जोर आला की बँड निघतो आणि पाय मोकळा होतो. दुसऱ्या एका प्रकारात बाहेरची दांडी पुढे बाक दिलेली असते म्हणजे पाऊल सहज बाहेर घरंगळतं. आणि तिसरा प्रकार म्हणजे पुढून बंद रिकीब, बोटांच्या पुढे चामड्याची किंवा प्लॅस्टिकची टोपी, त्यामुळे चवड्याच्या पुढे पाय जाऊच शकत नाही.

माझ्या मते आपल्या हिल स्टेशनच्या घोड्यांसाठी हा तिसरा प्रकारच बरोबर आहे. रबर बँडवाली रायडिंग क्लबमध्ये ठीक, तिथे रोज तपासायला माणूस असतो, पण ती हलक्या वजनाच्या स्वारांसाठीच योग्य, रबर उन्हापावसाने कुजतं, बँड हरवतात, आणि त्यात डावी उजवी असते, बँड चुकून आतल्या बाजूला आला तर काही उपयोग नाही. बाकदार दांडीचंही तेच, उलटी लावली की फायदा गेला. दिवसाला अनेक फेऱ्या मारणाऱ्या घोडेवाल्याने हे कुठे बघत बसायचं? टोपीवाल्या रिकिबीत हलणारा भागच नाही, चपलेतला माणूस असो की बुटातला, पाऊल आरपार जात नाही. फक्त टोपी आतून ऐसपैस हवी आणि तळ रुंद, वर खरखरीत रबर. मुलांसाठी आखूड वादीची वेगळी छोटी जोडी खोगिरालाच ठेवावी, म्हणजे पाय चामड्यात घालायची वेळच येणार नाही.

पण नुसती रिकीब बदलून भागणार नाही, ती खोगिराला लावलीय कशी ते पण बघावं लागेल. चांगल्या इंग्लिश खोगिरात वादी एका लोखंडी पट्टीवर अडकवतात, त्या पट्टीचं मागचं टोक उघडं असतं, पाय अडकून वादी मागे ओढली गेली तर रिकिबीसकट अख्खी वादी खोगिरातून निसटते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमातसुद्धा रिकीब आणि वादी मोकळी लटकलेली असावी असंच आहे. आपल्याकडे मी पाहिलेल्या कित्येक खोगिरांवर मात्र वादी सरळ बंद कड्यात ओवून शिवून टाकलेली असते, हेतू चांगला की ती हरवू नये, पण मग सुटायचा शेवटचा मार्गही बंद होतो.

बिचाऱ्या घोड्याचाही यात विचार व्हायला हवा. प्रत्येक गिऱ्हाईक जमिनीवरून डाव्या रिकिबीवर सगळं वजन टाकून चढतं, त्याने खोगीर एका बाजूला ओढलं जातं, मणक्यावर ताण येतो, डावी वादी ताणून लांब होते आणि मग बसणाराही वाकडाच बसतो. डावी उजवी वादी ठराविक दिवसांनी आलटून पालटून लावली तर ताण सारखा वाटला जातो, याला पैसा लागत नाही. आणि माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर, जिथे गाड्या थांबतात आणि माणसं घोड्यावर बसतात, तिथे दोन तीन पायऱ्यांचे चढायचे ओटे बांधले तर घोड्याच्या पाठीचा त्रास कितीतरी कमी होईल, वयस्कर लोकांचीही सोय होईल.

लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीच्या घोडेस्वारांचे पाय घोड्याच्या पोटाच्या पट्ट्यात खुपसलेले कोरलेत, म्हणजे पायाला आधार लागतो हे आपल्या इथल्या माणसांना तेव्हाच कळलेलं होतं, रिकिबीची जोडी चीनमध्ये दिसते ती चौथ्या शतकात. एवढी जुनी ओळख असलेल्या आपल्या भागात आज पर्यटकांच्या घोड्यांवर इतकी ओबडधोबड रिकीब असावी याचं मला खरंच वाईट वाटतं. कानपूरच्या खोगिरांना जीआय मानांकन आहे, तिथला माल जगभर जातो, म्हणजे बनवणारे हात देशात आहेतच. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांबरोबर सामानाचीही दुकानं लागतात, तिथे या रिकिबी विकायला आल्या तर गावोगावच्या घोडेवाल्यांपर्यंत पोचतील. पवईच्या आयआयटीत डिझाइन शिकवणारा विभाग १९६९ पासून आहे आणि परळला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, या दोघांनी माथेरानच्या घोडेवाल्यांबरोबर बसून, त्यांच्या घोड्यांची आणि गिऱ्हाइकांच्या पायांची मापं घेऊन, स्वस्तातली टोपीवाली रिकीब तयार केली तर ती पाचगणीपासून जुहूपर्यंत कुठेही चालेल.

खर्च घोडेवाल्यांवर टाकू नये हे मला आवर्जून सांगायचंय. त्यांचं पोट मोजक्या महिन्यांच्या सीझनवर आहे, माथेरानला ई-रिक्षा आल्यापासून धंद्याची काळजी त्यांना आहेच, घोड्याचा चारा, नाल, औषधं यातच पैसे संपतात. माथेरानला येणाऱ्या पर्यटकांकडून नगरपरिषद प्रवेश कर घेते, त्यातून पहिल्या जोड्या द्याव्यात, आणि मग दरवर्षी लायसन नूतनीकरणाच्या वेळी घोड्याच्या तब्येतीबरोबर खोगीर, वादी आणि रिकीबही तपासावी, बंद कड्यात शिवलेली वादी असेल तर ती जागेवर बदलून द्यावी. पावसाळ्यात माथेरानला धंदा मंदावतो, खोगिरं रिकामी असतात, दुरुस्तीला तीच वेळ बरी. तोवर निदान मुलाचा पाय वादीत घालायला बंदी असल्याचा बोर्ड दस्तुरीला, वेण्णा लेकला आणि टेबललँडवर मराठी, हिंदी आणि गुजरातीत लावावा, त्याला कोणाच्या मंजुरीची वाट बघायची गरज नसावी.

आपला,
एक घोडेस्वार वाचक, पुणे